गोल्फचा स्विंग पायांपासून : गच्चीवर करता येणारे वजन-बदलाचे सराव

सोलापुरातून पुण्याच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे चेंडू मारण्याचा सराव करण्याच्या मैदानावर, जायचे म्हणजे सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस धरली तरी चार तास जाण्यातच जातात. त्यामुळे महिन्यातून एकदा रेंज आणि उरलेले दिवस घराची गच्ची, अशी माझ्या सरावाची विभागणी गेली काही वर्षे ठरून गेली आहे. सुरुवातीला मला ही मोठी अडचण वाटत असे. पुढे लक्षात आले की समोर चेंडूच नसल्यामुळे तो कुठे गेला हे पाहण्याचा मोह उरत नाही आणि आपले पाय, कंबर व खांदे कोणत्या क्रमाने हलत आहेत याकडे आपोआप लक्ष जाते. या लेखातील जवळजवळ सगळे सराव त्या गच्चीवरचे आहेत. त्यांना एक सात नंबरचे आयर्न (मधल्या लांबीचा, धातूच्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी), एक भिंत आणि दोन टॉवेल पुरतात, आणि टॉवेलची वाण सोलापुरात कधीच पडत नाही. सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत; डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे वाचावे.

सराव सुरू करण्यापूर्वी त्यामागचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते न समजता केलेल्या कवायतीचा फारसा उपयोग होत नाही. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, टिकतो. त्याआधीचा डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत येण्याचा प्रवास, चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत सुमारे पाव सेकंदात संपतो. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे व वर नेण्याला, त्याच्या तिप्पट, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पाव सेकंदात विचार करून काहीही दुरुस्त करता येत नाही. क्लब खाली येऊ लागला की जे घडायचे ते आधीच ठरलेले असते, आणि ते मुख्यतः त्या क्षणी शरीराचा भार कोणत्या पायाकडे चालला आहे यावरून ठरलेले असते.

आयर्नचा फटका घ्या. क्लबचे डोके वर्तुळाच्या कमानीत फिरते आणि त्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू ढोबळमानाने डाव्या खांद्याच्या खाली येतो. भार डाव्या पायावर आला असेल तर हा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे क्लब आधी चेंडूला व मग जमिनीला लागतो आणि डिव्हॉट, म्हणजे उखडलेला गवत-मातीचा तुकडा, चेंडूच्या पुढे निघतो. भार उजव्या पायावर अडकला तर तोच बिंदू चेंडूच्या मागे राहतो. मग क्लब एक तर आधी मातीत घुसतो (फॅट), किंवा वर उठत असताना चेंडूच्या डोक्याला चाटून जातो (टॉप). फॅट आणि टॉप हे दोन फटके दिसायला परस्परविरुद्ध असले तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते, आणि म्हणूनच नवशिक्याचा एक चेंडू फॅट तर लगेच पुढचा टॉप होतो.

येथे ‘वजन’ आणि ‘दाब’ यांतला फरक सांगायला हवा, कारण माझे जवळजवळ एक वर्ष या एका गोंधळात वाया गेले. मला सुरुवातीला शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी ‘बॅकस्विंगमध्ये वजन उजव्या पायावर न्या’ एवढेच सांगितले होते. मी ते इतके प्रामाणिकपणे पाळले की माझी कंबर दर वेळी वीतभर उजवीकडे सरकत असे आणि नंतर ती परत आणण्याइतका वेळच उरत नसे. प्रत्यक्षात उजव्या तळव्याखालचा दाब वाढायला हवा. कंबर मात्र जवळपास तेथेच राहून वळायला हवी. उभे राहताना दाब दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा असतो. बॅकस्विंगच्या मध्यापर्यंत, म्हणजे डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत, त्यातला साधारण ७० ते ८० टक्के भाग उजव्या पायाखाली जातो. यापुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. क्लब अजून मागे जात असतानाच दाब डावीकडे परतू लागतो आणि चेंडूला क्लब लागतो तेव्हा त्याचा बराच मोठा भाग डाव्या पायाखाली असतो. हात मागे जात आहेत आणि पाय पुढे निघाले आहेत, असा तो क्षण असतो. पुढचे सगळे सराव शरीराला त्या क्षणाची ओळख पटवण्यासाठी आहेत.

सोलापूरकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांकडे पाहताना आपली नजर उंच टोकाकडे लागते. ती थोडा वेळ त्यांच्या पायांवर ठेवून पाहावी. काठी झुकू लागली की आधी पावले आणि कंबर तिच्याखाली जातात. नुसत्या हातांनी तिला ओढून सरळ करण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. गोल्फचा क्लब त्या मानाने काडीसारखा हलका असतो, आणि नेमक्या त्या हलकेपणामुळे तो हातांनीच फिरवण्याची चूक आपल्या हातून होते.

उभे राहणे

पाय खांद्यांइतके रुंद ठेवावेत. डाव्या पायाचा चवडा २० ते ३० अंश बाहेर वळवावा, उजवा सरळ किंवा किंचित बाहेर असावा. गुडघे वाकवण्याआधी कमरेतून पुढे झुकावे. क्रम उलटा झाला की खुर्चीवर बसल्यासारखी मुद्रा होते आणि कंबर वळायला जागाच राहत नाही. दाब टाचांवर किंवा बोटांवर न ठेवता तळव्याच्या मध्यावर, बुटाच्या नाडीखाली असावा. पहिले काही दिवस हे अनवाणी करावे, कारण फरशीवर अनवाणी उभे राहिले की दाब कुठे आहे हे कोणी सांगण्याची गरज पडत नाही.

भिंतीचा सराव

हातात क्लब न घेता भिंतीकडे पाठ करून उभे राहावे. टाचा भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. कमरेतून झुकल्यावर दोन्ही नितंब भिंतीला जेमतेम टेकतील असे अंतर साधून घ्यावे. हात छातीवर एकमेकांवर ठेवावेत. आता सावकाश उजवीकडे वळावे. वळण पूर्ण झाल्यावर उजवे नितंब भिंतीला दाबलेले आणि डावे भिंतीपासून सुटलेले असले पाहिजे. तेथून वरचे अंग तसेच मागे वळलेले ठेवून आधी डाव्या पायावर दाब द्यावा आणि डावे नितंब भिंतीकडे न्यावे. क्षणभर दोन्ही बाजू भिंतीला टेकतील. त्यानंतर पूर्ण डावीकडे वळावे, म्हणजे फक्त डावे नितंब टेकलेले राहील.

या सरावात दोन चुका आपोआप उघड होतात. उजवे नितंब भिंतीवर दाबले जाण्याऐवजी भिंतीवरून उजवीकडे घसरत गेले तर ती माझीच जुनी चूक, म्हणजे कंबर सरकणे. डावीकडे येताना दोन्ही नितंबे भिंतीपासून सुटली तर कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येत आहे; अशा वेळी हातांना जाण्यासाठी जागा राहत नाही आणि चेंडू क्लबच्या मानेला लागून शँक होण्याची शक्यता वाढते. घसरण्याची सवय पक्की झालेली असेल तर उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, कमरेपासून चार बोटे अंतरावर, वाळूने भरलेल्या बादलीत एक बांबू उभा रोवावा. कंबर बांबूला लागली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. रोज २० वेळा, तेही अगदी हळू, पुरेसे आहे. हा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य करतो. तरीही यादीतले फक्त दोनच ठेवायचे झाले तर मी याच्यानंतर येणाऱ्या पावलाच्या सरावाबरोबर हाच ठेवेन.

दिवसभर दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्यांची कंबर अनेकदा ४५ अंश वळतच नाही आणि मग खांदेही ९० अंशांपर्यंत पोहोचत नाहीत. अशांनी हट्ट न धरता बॅकस्विंगमध्ये डावी टाच खुशाल उचलू द्यावी. विख्यात अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉस यांची डावी टाच त्यांच्या ऐन बहराच्या काळातही उचलली जात असे. टाच उचलण्याचा एक लाभही आहे: ती परत टेकवणे हीच डाउनस्विंगची सुरुवात ठरते.

पावलाचा सराव

हा या लेखाचा गाभा आहे. सात नंबरचे आयर्न घेऊन दोन्ही पाय जुळवून उभे राहावे. काल्पनिक चेंडू पायांच्या मधोमध थोडा डावीकडे असावा. क्लब मागे नेण्यास सुरुवात करावी आणि तो पूर्ण वर पोहोचण्याआधीच डावा पाय उचलून लक्ष्याच्या दिशेने नेहमीच्या अंतरावर टेकवावा. पाय टेकल्यावर मगच क्लब खाली आणावा. मनात चार आकडे मोजणे सोयीचे पडते. ‘एक’ला क्लब निघतो, ‘दोन’ला हात कमरेच्या वर जातात, ‘तीन’ला पाऊल टेकते आणि ‘चार’ला क्लब चेंडूच्या जागेवरून जातो. तीन भाग मागे आणि एक भाग पुढे हे प्रमाण यात आपोआप सांभाळले जाते.

पहिल्या दिवशी बहुतेकांचे पाऊल आणि हात एकाच वेळी खाली येतात. तसे झाल्यास वेग निम्म्यावर आणावा, तरीही जमत नसेल तर क्लब उलटा धरावा, म्हणजे जड डोके हातात येईल आणि दांड्याचे हलके टोक हवेत फिरेल. सूं असा आवाज कुठे येतो ते ऐकावे. तो उजव्या पायापाशीच येऊन गेला तर हातांनी घाई केली आहे. चेंडूच्या जागी किंवा त्याच्या किंचित पुढे आला तर क्रम बरोबर आहे. दहा वेळा पाऊल टाकून आणि लगेच पाच वेळा नेहमीसारखे पाय रुंद ठेवून, पण पाऊल टाकल्याचीच जाणीव मनात ठेवून स्विंग करावा. हा दुसरा भाग गाळला तर पावलाचा सराव छान जमतो आणि खेळात मात्र काहीच बदलत नाही.

पाऊल टेकल्यानंतर डाव्या पायाने काय करायचे, असा प्रश्न येथे उभा राहतो. दाब आल्यावर डावा गुडघा प्रथम किंचित वाकतो आणि मग क्लब चेंडूजवळ येत असताना सरळ होऊ लागतो. जमिनीला पायाने खाली दाबले की जमीन शरीराला वर ढकलते. त्या ढकलण्यामुळे डावी कंबर मागे व वर जाते, शरीराचे वळण वेग घेते आणि हातांमार्फत तो वेग क्लबच्या डोक्यापर्यंत पोहोचतो. उडी मारण्याआधी आपण जसे थोडे बसतो तसाच हा प्रकार आहे.

पाण्यावरच्या भाकऱ्या

क्रम कितीही समजावून सांगितला तरी शरीराला शब्द कळत नाहीत. त्याला जुनी आठवण करून द्यावी लागते. लहानपणी चपटा दगड आडवा फेकून पाण्यावर भाकऱ्या काढल्या नाहीत असा माणूस विरळाच. त्या फेकीत काय होते ते आठवावे. आधी डावा पाय पुढे पडतो, मग कंबर वळते, उजवे कोपर बरगडीला घासून पुढे येते आणि मनगट सगळ्यांत शेवटी सुटते. उजव्या हाताच्या खेळाडूचा डाउनस्विंग जवळजवळ हाच असतो, फक्त कमरेतून अधिक झुकून केलेला. गच्चीवर कपड्याची गुंडाळी किंवा मऊ चेंडू घेऊन कठड्याच्या पायथ्याशी अशी दहा फेकी कराव्यात आणि लगेच क्लब उचलून तीच हालचाल करावी. क्रिकेट खेळून गोल्फकडे आलेल्यांना हा सराव विशेष उपयोगी पडतो, कारण आडव्या बॅटने मारताना खांदे आधी फिरवण्याची त्यांची सवय गोल्फमध्ये क्लबला बाहेरून आत कापत आणते. अशा मार्गावर क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, त्या मार्गाच्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला की चेंडू उजवीकडे वळत जातो आणि यालाच स्लाइस म्हणतात. स्लाइस घालवण्यासाठी ग्रिप (क्लबची पकड) बदलणे, क्लब बदलणे, बूट बदलणे असे सगळे उपाय लोक करतात. ग्रिप तपासावी हे खरे, पण खांद्यांनी कंबरेआधी सुरुवात करणे थांबले नाही तर नवा क्लबही तोच चेंडू त्याच दिशेला पाठवतो.

दोन टॉवेल

पहिला टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत दाबून धरावा आणि कमरेइतक्या उंचीपर्यंतच अर्धे स्विंग करावेत. हात छातीपासून सुटले की टॉवेल पडतो. यासाठी पातळ पंचा चालतो. जाड आंघोळीचा टॉवेल काखेत धरला की खांदे वर चढतात. पूर्ण स्विंगमध्ये तो धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेथे उजवी काख थोडी उघडणे स्वाभाविक आहे.

दुसरा टॉवेल घडी घालून काल्पनिक चेंडूच्या दहा-बारा सेंटिमीटर मागे ठेवावा. क्लब खाली येताना टॉवेलला न लागता पुढे जमिनीला हलका स्पर्श व्हावा. गच्चीच्या फरशीवर हे करताना खाली जाड मॅट अवश्य असावी; सिमेंटवर आयर्न आपटले की मनगट व कोपर दोन्ही दुखावतात. अंगण किंवा मोकळे मैदान उपलब्ध असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे फक्कीची रेघ. जमिनीवर हातभर लांब रेघ ओढावी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय येईल असे उभे राहावे आणि क्लबचा ओरखडा रेघेच्या डावीकडे पडतो का ते पाहावे. रेघेच्या मागे पडलेला ओरखडा म्हणजे उजव्या पायावर राहून गेलेला भार. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात बुटाला लोंबते, त्यामुळे हा सराव हिवाळ्यात किंवा पाणी मारून मऊ केलेल्या तुकड्यावरच करावा.

शेवटची मुद्रा

प्रत्येक स्विंगनंतर तीन आकडे मोजेपर्यंत थांबावे. पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे, उजव्या पायाचे फक्त बोट जमिनीला टेकलेले आणि उजवा पाय उचलला तरी तोल जाऊ नये, अशी ती मुद्रा असावी. मागे पडायला होत असेल तर भार पोहोचलेला नाही. ‘डोके खाली ठेवा’ हा सल्ला येथे सर्वाधिक आड येतो. चेंडू गेल्यावरही मान खाली दाबून ठेवली की उजवा खांदा पुढे येऊ शकत नाही आणि सगळे वळण अर्ध्यात तुटते. चेंडूवर नजर असावी एवढेच पुरे; उजव्या खांद्याने हनुवटीला वर घेतले की डोक्याने जाऊ द्यावे.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्लो-मोशन चित्रण करावे. मोबाइल स्टुलावर हातांच्या उंचीला ठेवावा, एकदा समोरून आणि एकदा लक्ष्याच्या रेषेत मागून. समोरच्या चित्रणात एकच गोष्ट तपासावी: डावा गुडघा लक्ष्याकडे निघतो तेव्हा हात अजून मागे जात आहेत का. एका वेळी पाच चुका शोधणाऱ्याची एकही सुधारत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गच्ची सकाळी आठलाच तापते, म्हणून सातच्या आत वीस मिनिटे किंवा सूर्यास्तानंतर वीस मिनिटे एवढाच सराव ठेवावा. आधी पाच मिनिटे कंबर, पाठ व घोटे मोकळे करावेत. कमरेत कळ आली तर त्या दिवशी थांबावे. कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा क्लब उचलू नये. पहिले दोन आठवडे भिंत आणि पाऊल, त्यानंतर टॉवेल आणि रेघ, आणि पूर्ण वेगाचे स्विंग महिन्याभराने, हा क्रम मला मानवला. ज्यांची कंबर मोकळी आहे त्यांना याहून कमी वेळ लागेल.

रेंजवर गेल्यावर मात्र घरचा सराव विसरायला पहिले दहा चेंडू पुरतात. म्हणून सुरुवातीचे वीस चेंडू पाय जुळवून, वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने), अर्ध्या वेगात मारावेत. नंतरचे वीस पाऊल टाकून. मगच नेहमीसारखे उभे राहावे. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा सर्वांत लांब क्लब, सगळ्यांत शेवटी काढावा. त्यात चेंडू डाव्या टाचेसमोर टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर) असतो आणि क्लब वर उठत असताना लागावा लागतो, त्यामुळे दाब डावीकडे जात असला तरी डोके व छाती चेंडूच्या मागेच राहिली पाहिजेत. आयर्नमध्ये डाव्या पायावर यायला न शिकता जो ड्रायव्हरमध्ये मागे राहायला जातो, तो दोन्हीकडे उजव्या पायावरच अडकतो.